पाण्याकाठचे फलक वाचायचे कसे: जुन्या बंदरवस्तीत फिरण्याची एक पद्धत

न्यू यॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पर्ल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. डच वसाहतीच्या काळात तो ईस्ट रिव्हरच्या अगदी काठावर होता. किनाऱ्यावर पडणाऱ्या शिंपल्यांवरून त्याला हे नाव पडलं. आज तिथे उभं राहिलं तर पाणी दिसतही नाही. नदीच्या दिशेने चालू लागलं की आधी वॉटर स्ट्रीट लागतो, मग फ्रंट स्ट्रीट, मग साउथ स्ट्रीट, आणि त्यानंतर कुठे नदी. भराव घालत घालत किनारा पुढे ढकलला गेला आणि दर वेळी नव्या काठावर नवा रस्ता आला. त्यामुळे तिथे एखाद्या भिंतीवर ‘इथे धक्का होता’ असं वाचलं, की नवखा माणूस गोंधळतो. चहूकडे काचेच्या इमारती, मग धक्का कशाचा?

शहरात इतरत्र फलक वाचताना निदान जमिनीवर विश्वास ठेवता येतो. पाण्याकाठी तोही ठेवता येत नाही, कारण जमीनच नंतर आलेली असते. म्हणून फलक शोधायच्या आधी मी पाणी शोधते, म्हणजे त्या काळी ते कुठवर होतं ते बघते. पुढची सगळी पद्धत यावर उभी आहे.

आधी घरी बसून: जुना किनारा काढा

ज्या वस्तीत जायचं आहे तिचे निदान दोन जुने नकाशे मिळवा, एक शक्य तितका जुना आणि एक मधल्या काळातला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ब्रिटनचे जुने सर्वेक्षण-नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात. वरचा नकाशा हवा तितका पारदर्शक करता येतो, आणि ते फुकट आहे. डेव्हिड रमसे या ऑनलाइन नकाशा-संग्रहात जगभरातल्या शहरांचे नकाशे आहेत. अमेरिकी शहरांसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे फार उपयोगी पडतात, कारण त्यांत प्रत्येक गोदामाची भिंत विटेची की लाकडाची हेसुद्धा दाखवलेलं असतं.

आजच्या नकाशाची एक प्रत छापून घ्या आणि तिच्यावर जुन्या किनाऱ्याची रेघ पेन्सिलने ओढा. हे काम फोनवर करू नका, हातानेच करा. रेघ ओढताना कोणता रस्ता कुठे वाकतो ते डोक्यात बसतं, आणि तिथे गेल्यावर त्या वाकणाशी पाय आपोआप थांबतात.

नकाशा मिळाला नाही तर रस्त्यांची नावं बघा. सिंगापूरचा बीच रोड आज समुद्रापासून बराच आत आहे. तिथल्याच तेलोक आयर रस्त्यावरचं थियान हॉक केंग मंदिर एके काळी थेट समुद्राकडे तोंड करून होतं. चीनहून सुखरूप पोहोचलेले लोक उतरल्या उतरल्या तिथे दर्शनाला जात. आज मंदिरासमोर रस्ता आहे आणि त्यापलीकडे उंच इमारती. मंदिराचं तोंड कुठे आहे एवढं पाहिलं तरी जुनं पाणी कोणत्या बाजूला होतं ते कळतं.

काही शहरांनी ही रेघ जमिनीवरच आखून ठेवली आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटवर मेकॅनिक्स मॉन्युमेंटच्या पायाशी जुन्या किनाऱ्याची धातूची खूण आहे. तिथून खाडीकडे चालणं म्हणजे एके काळच्या पाण्यावरून चालणं. १८४९ साली सोन्याच्या ओढीने आलेली कितीतरी जहाजं तिथे बेवारस पडली, कारण खलाशीच सोनं शोधायला निघून गेले. काही जहाजांची गोदामं झाली, मग भोवताली भराव पडला. ‘नियांटिक’ हे त्यांतलं एक. १८५१च्या आगीत त्याचा वरचा भाग जळून गेला आणि १९७८ साली इमारतीचा पाया खणताना तळ सापडला. त्या जागी आता फलक आहे. किनाऱ्याची रेघ माहीत नसेल तर भर शहरात जहाजाचा फलक विचित्र वाटतो. माहीत असेल तर तो तिथेच असायला हवा होता हे पटतं.

मग फलकांची यादी करा. ‘हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस’ हा २००६पासून चाललेला संग्रह प्रामुख्याने अमेरिकेसाठी चांगला आहे, ‘ओपन प्लाक्स’मध्ये ब्रिटनमधले फलक भरपूर आहेत, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर इतरत्रचेही बरेच मिळतात. अर्ध्या दिवसासाठी दहा-बारा फलक पुरेत. चाळीस फलकांची यादी घेऊन निघालेला माणूस शेवटी फक्त फोटो काढतो, वाचत काहीच नाही.

वेळ पाण्याला विचारून ठरवा

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. धक्क्याच्या भिंतीवरचे आकडे, पायऱ्यांवर कोरलेली अक्षरं, जुन्या गोदीची दारं, हे सगळं सुकतीलाच, म्हणजे ओहोटीचं पाणी सगळ्यात खाली गेलं की, दिसतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, ते मधल्यामध्येच राहतं. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल जमलेली वेळ आज चालेल असं नाही. सुकतीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की पायऱ्यांवरून वर या. शेवाळलेल्या पायरीवर एकट्याने उतरू नका. किनाऱ्यावर पडलेली वस्तूही उचलू नका. लंडनमध्ये टेम्सच्या पात्रात नुसतं शोधायलासुद्धा बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो.

उन्हाचंही गणित आहे. कोरलेली अक्षरं भर दुपारी सपाट दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की प्रत्येक अक्षराला सावली येते. एका धक्क्याच्या भिंतीतल्या शिळेवरचं साल मी दुपारी १७९१ वाचलं होतं आणि तसंच वहीत लिहिलं होतं. संध्याकाळी परत आले, शिळेच्या कडेला गाल टेकवावा इतक्या जवळून टॉर्चचा झोत आडवा मारला, तर शेवटच्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक आडवी रेघ उठून आली. ते साल १७९७ होतं. तेव्हापासून छोटा टॉर्च पिशवीत कायम असतो. खडू, पीठ, साबणाचा फेस किंवा तारेचा ब्रश मात्र दगडाला कधीही लावू नका. त्याने अक्षरं आज दिसतात आणि काही वर्षांत झिजून जातात.

फलकासमोर उभं राहिल्यावर

मजकूर वाचायच्या आधी फलक कधी लावला ते शोधा. बहुतेक वेळा ते तळाशी बारीक अक्षरांत असतं. रोमन आकडे असतील तर एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५ आणि आय १. लहान अक्षर मोठ्याच्या आधी आलं तर वजा करायचं. एम-डी-सी-सी-सी-एक्स-सी-व्ही म्हणजे १८९५. फलक लावल्याचं साल आणि घटनेचं साल यांतलं अंतर वहीत सगळ्यात वर लिहा. माझ्या अनुभवात कोणत्याही फलकाबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट हीच असते.

अमेरिकेतल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर जो खडक दाखवतात, त्याच्यावर १६२० हे साल कोरलेलं आहे. इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून वसाहत करायला आलेले लोक याच खडकावर उतरले असं सांगतात. पण हा तो खडक अशी पहिली नोंदलेली ओळख १७४१ सालची आहे. तिथे धक्का बांधायचं चाललं होतं तेव्हा ९४ वर्षांच्या एका वृद्ध गृहस्थांनी ती पटवली. खुद्द उतरलेल्या लोकांनी लिहून ठेवलेल्या हकिगतींत या खडकाचा उल्लेख नाही. आणि साल कोरलं गेलं १८८० मध्ये. म्हणजे तो दगड १६२०बद्दल थोडंच सांगतो, पण नव्या देशाला आपल्या आरंभाची एक हात लावता येईल अशी जागा हवी होती, हे स्पष्ट सांगतो. लिस्बनला टेगस नदीच्या काठी दर्यावर्दींचं प्रचंड स्मारक आहे. त्यावरचे लोक पंधराव्या-सोळाव्या शतकातले, पण दगड १९६०चा. आधी १९४०च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं. दोन्ही वेळी पोर्तुगालवर हुकूमशहा सालाझारची राजवट होती, हे कळलं की त्या ताठ आकृत्या वेगळ्या दिसू लागतात.

यानंतर फलक कोणी लावला ते बघा. नगरपालिका, व्यापाऱ्यांची संघटना, वंशज, बिल्डर, नौदल, प्रत्येकाचा मजकूर वेगळा असतो. लंडनच्या निळ्या फलकांची योजना १८६६ साली सोसायटी ऑफ आर्ट्सने सुरू केली आणि आज ती इंग्लिश हेरिटेज चालवते. तिचा एक नियम मला फार आवडतो: व्यक्तीच्या मृत्यूला निदान वीस वर्षं झालेली असली पाहिजेत. असे नियम नसलेल्या ठिकाणी कौतुकाला लगाम राहत नाही.

आता मजकूर. क्रियापदांखाली रेघ मारा आणि कर्ता कोण ते विचारा. ‘वस्ती हलवण्यात आली’, ‘जमीन मिळवण्यात आली’ अशा वाक्यांत हलवणारा आणि मिळवणारा गायब असतो. ‘इथे’ आणि ‘या जागेजवळ’ यांत फरक करा. ‘जवळ’ लिहिणारा बहुधा प्रामाणिक असतो. बोस्टनमध्ये १६ डिसेंबर १७७३च्या रात्री ब्रिटिश कराच्या निषेधात वसाहतीतल्या लोकांनी ३४२ पेट्या चहा ज्या ग्रिफिन्स वार्फपाशी पाण्यात फेकला, तो धक्का भरावाखाली गेला. त्याची आठवण देणारा फलक रस्त्याकाठी इमारतीच्या भिंतीवर आहे, आणि पर्यटक ज्या जहाजांवर चढतात ती दुसरीकडे, पुलापाशी तरंगतात. दोन्हींपैकी कुठेही उभं राहून ‘हीच ती जागा’ म्हणू नये.

फलक अनेक भाषांत असेल तर शक्य त्या सगळ्या वाचा, नसतील येत तर फोटो काढून जाणकाराला दाखवा. सिंगापूर नदीकाठी ब्रिटिश अधिकारी रॅफल्स १८१९ साली उतरला असं मानतात तिथे त्याचा १९७२चा पांढरा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर. त्याने आपल्या ‘प्रतिभेने आणि दूरदृष्टीने’ मासेमारीच्या एका अनोळखी खेड्याचं भाग्य बदलून महान बंदर घडवलं, असं तो सांगतो. स्वतंत्र झालेल्या देशाने हा गौरव आपल्या चारही राजभाषांत लिहून ठेवला, हे त्या मजकुराइतकंच विचार करण्यासारखं आहे. आणि ‘अनोळखी खेडं’ हे शब्द तर पडताळून बघाच, कारण चौदाव्या शतकात तिथे भरभराटीला आलेलं बंदर होतं याचे पुरावे फोर्ट कॅनिंग टेकडीवरच्या उत्खननात मिळाले आहेत.

तारखांबद्दल एक सूचना. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ साली पंचांग बदललं. त्याआधी त्यांच्या तारखा बाकीच्या युरोपच्या दहा-अकरा दिवस मागे असत आणि इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी-फेब्रुवारीतल्या जुन्या घटनेची दोन फलकांवर दोन वेगळी सालं दिसली तर एकाला चूक ठरवण्याची घाई करू नका.

फलक नसलेल्या खुणा

मला स्वतःला पितळी पाट्यांपेक्षा या खुणा जास्त प्रिय आहेत, कारण त्या कोणाच्या गौरवासाठी नाहीत. पाणी इथवर आलं, एवढंच त्या सांगतात.

ब्रिटनच्या जुन्या गोद्यांच्या भिंतींवर, चर्चच्या कोपऱ्यांवर गुडघ्याच्या उंचीला एक आडवी खाच आणि तिच्याखाली वर टोक केलेला तीन रेघांचा बाण कोरलेला दिसेल. ही सर्वेक्षण खात्याची उंचीची खूण. नोंदलेली उंची असते ती त्या आडव्या खाचेची, बाणाची नव्हे. व्हेनिसमध्ये कालव्याकाठच्या भिंतींत आडवी रेघ आणि ‘सी’ हे अक्षर शोधा. नेहमीच्या भरतीला शेवाळ जिथवर चढायचं तिथे ही खूण करत. आज शेवाळ तिच्या बरंच वर गेलेलं आहे, आणि ती रेघ व शेवाळाची आजची कड यांतलं अंतर डोळ्यांनी मोजता येतं.

पुराच्या खुणा वाचताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे शून्य कुठलं ते न विचारणं. व्हेनिसच्या ४ नोव्हेंबर १९६६च्या महापुराची उंची १९४ सेंटिमीटर सांगतात, पण ती १८९७च्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली आहे. समुद्राची आजची सरासरी त्या शून्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर आहे. दुसरी चूक म्हणजे उंच खूण म्हणजे मोठा अनर्थ असं धरून चालणं. हॅम्बुर्गमध्ये फेब्रुवारी १९६२च्या वादळी पुरात पाणी ५.७० मीटरवर गेलं आणि शहरात ३१५ माणसं दगावली. जानेवारी १९७६मध्ये पाणी ६.४५ मीटरवर पोहोचलं, पण तसा संहार झाला नाही, कारण मधल्या काळात बंधारे उंच केले होते. दोन खुणा वरखाली दिसल्या तर मधली वर्षं वाचा.

मापांचा फसवेपणाही ध्यानात ठेवा. ॲमस्टरडॅममध्ये १६७५च्या पुरानंतर महापौर हुडे यांच्या पुढाकाराने समुद्राचं पाणी अडवणाऱ्या झडपांच्या बांधकामात आठ संगमरवरी शिळा बसवल्या. समुद्रबंधाऱ्याची उंची शहराने ठरवलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर नऊ फूट पाच इंच, असं त्यांवर कोरलं होतं. त्यांतली एक शिळा एनहॉर्न झडपेत अजून आहे, आणि नेदरलँड्समधल्या उंचीच्या मोजणीचं मूळ या पातळीत आहे. आजच्या फुटाने हिशेब केला तर २.८७ मीटर येतात, आणि ते चूक आहे. ॲमस्टरडॅमचा फूट सुमारे २८.३ सेंटिमीटरचा आणि त्यात इंच अकराच. खरी उंची २.६७ मीटर. वीस सेंटिमीटरचा फरक पुरात घर वाचवतो किंवा बुडवतो.

जे लिहिलेलं नाही त्यासाठी वेळ राखून ठेवा

बंदरं माल आणि माणसं यांवर उभी राहिली, आणि काही काळ माणसं हाच माल होता. पाण्याकाठचे फलक याबद्दल सगळ्यात जास्त गप्प असतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा मृत्यू १७२१चा, पुतळा १८९५चा. त्याच्या चौथऱ्यावरच्या फलकाने त्याला शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि सुज्ञ सुपुत्रांपैकी एक म्हटलं होतं. गुलामांच्या व्यापारातल्या रॉयल आफ्रिकन कंपनीतल्या त्याच्या वाट्याचा एक शब्द नव्हता. दुसरा फलक लावायचं ठरलं, पण मजकूर ठरेना. शब्द पुन्हा पुन्हा बदलले आणि २०१९मध्ये महापौरांनी ते काम थांबवलं. ७ जून २०२० रोजी लोकांनी पुतळा पाडून बंदराच्या पाण्यात ढकलला. आता तो बंदराकाठच्याच एम शेड संग्रहालयात आहे, आंदोलकांनी फासलेल्या रंगासकट, आडवा ठेवलेला.

म्हणून यादीतले फलक संपले की वस्तीच्या नोंदी काढून विचारा: इथे कोण उतरलं, कोणाला उतरवलं, हमाली कोणी केली, कोणती झोपडी हलवून हे उद्यान आलं? आणि मग त्या जागी जाऊन काही लिहिलेलं आहे का ते बघा. न्यू यॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटच्या नदीकडच्या टोकाला १७११पासून १७६२पर्यंत गुलामांचा अधिकृत बाजार होता. तिथे शहराने फलक लावला तो २०१५मध्ये, वॉटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर.

रिओ द जानेरोचा व्हालोंगो धक्का ज्याला बघायला मिळेल त्याने तिथे तासभर तरी द्यावा. १८११ साली तो बांधला. सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसं दक्षिण अमेरिकेत या धक्क्याने आली असा युनेस्कोचा अंदाज आहे. १८४३ साली ब्राझीलच्या सम्राटाची वधू येणार म्हणून त्यावर नवी फरसबंदी घालून ‘सम्राज्ञीचा धक्का’ असं नाव दिलं. १९११ साली तोही बुजवला. २०११मध्ये बंदराच्या नूतनीकरणात दोन्ही थर उघडे पडले. आज ते एकावर एक दिसतात: वर सम्राज्ञीसाठी बसवलेले घडीव चौकोनी दगड, आणि त्याखाली ओबडधोबड, कसेही जुळवलेले गोटे. ते गोटे नीट बघा. अनवाणी माणसं त्यांवरून चालत गेली.

नोंद कशी करायची

प्रत्येक फलकाचे तीन फोटो घ्या. एक अगदी समोरून, अक्षरं वाचता येतील असा. एक दहा पावलं मागून, फलक कशावर लावला आहे ते दाखवणारा. तिसरा फलकाकडे पाठ करून, म्हणजे फलक कशाकडे बघतो त्याचा. हा तिसरा फोटो कोणी काढत नाही, आणि पुढे बांधकाम झालं की त्याचीच किंमत कळते. चकाकणाऱ्या पितळेसाठी ढगाळ हवा चांगली, नाहीतर जरा बाजूला सरकून उभं राहा.

मजकूर जागेवरच हाताने उतरवा, ओळी जिथे तुटतात तिथेच तोडून, चुका चुकांसकट. सुधारून लिहिलेला मजकूर पुढच्या माणसाला निरुपयोगी. फलक कशाचा आहे (ओतीव लोखंड, पितळ, मिना, ग्रॅनाइट, पाटीचा दगड), जमिनीपासून किती उंच, आणि मजकुरात नसलेलं पण दिसणारं काही, तेही लिहा. भिंतीवर चार रिकामी भोकं आणि मधे फिकट चौकोन दिसला तर तोही नोंदवा, कारण तिथे फलक होता. भंगारासाठी पितळ चोरीला जातं, आणि इमारत रंगवताना काढलेले फलक परत लागतातच असं नाही. जुन्या रस्ता-छायाचित्रांत तो शोधा, मजकूर वाचता आला तर उतरवा आणि नगरपालिकेला कळवा. मी कळवलेल्या एका फलकाचं उत्तर दीड वर्षाने आलं होतं. तो एका कोठारात सुखरूप होता आणि पुन्हा बसला.

घरी आल्यावर फलकावरचा एक तरी दावा त्या काळच्या कागदाशी ताडून बघा: वर्तमानपत्र, बंदराची नोंदवही, नकाशा. जुळलं तर तसं लिहा, नाही जुळलं तरी तसंच लिहा, आणि फोटोंसकट ते खुल्या संग्रहात टाका. मग पुढच्या उधाणाची तारीख बघा. सुकतीला जी पायरी यंदा शेवाळाखाली राहिली, ती वहीत ‘बाकी’ म्हणून लिहून ठेवा.